शिवयोग्यांचे पाषाणगृह

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी आपली पावले शिवालयाकडे वळतात. परंतु त्या शिवाची अहोरात्र उपासना करणारे योगी राहत कोठे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. मध्य प्रदेशातील सीधी जिल्ह्यात, शोण व बनास या नद्यांच्या संगमाजवळ चंद्रेहे येथे त्याचे उत्तर सहस्र वर्षे उभे आहे.

मठ म्हणजे छात्रादिकांचे निवासस्थान, असा अर्थ अमरकोशाने दिला आहे. मध्ये उघडा चौक, भोवती दगडी खांबांच्या ओसऱ्या, त्यांमागे खोल्या आणि माथ्यावर शिळांचे छत! आपल्या चौसोपी वाड्याशी हिचे नाते कोणासही ओळखू येईल. वरचा मजला ढासळला आहे. तळमजला मात्र बराचसा शाबूत आहे. शेजारचे शिवमंदिर वर्तुळाकार असून तसली घडण विरळाच.

मठात दोन शिळांवर कोरलेला श्लोकबद्ध संस्कृत लेख कलचुरी संवत् ७२४ चा, म्हणजे इ.स. ९७२-७३ चा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलचुरी लेखसंग्रहात तो संपादिला. मत्तमयूर परंपरेतील प्रशांतशिवांनी येथे आश्रम स्थापिला. त्यांचे शिष्य प्रबोधशिव यांनी हा मठ बांधिला, डोंगर फोडून वाट काढली. आणि गुरूंची विहीर कालौघात खचली होती, तिचाही जीर्णोद्धार केला.

आम्हांस या लेखात सर्वांत मोलाची वाटते ती ही विहीर. नवा मठ उभारणाऱ्यास नवी विहीर का जड होती? पण गुरूंची विहीर त्याने बुजविली नाही. आज आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव पाषाणावर तैलरंग फासतात, जुने खांब काढून गुळगुळीत फरशा बसवितात, आणि वर देणगीदारांची नावे! त्या मंडळींनी चंद्रेह्याचा लेख एकदा अवश्य वाचावा.

ही परंपरा आपणांस परकी नाही. कोकणातील खारेपाटण येथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या इ.स. १००८ च्या ताम्रपटात मत्तमयूर परंपरेच्याच आचार्यांस दान दिल्याची नोंद आहे. चंद्रेह्याचा मठ व मंदिर आता केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मंदिरात दर्शन झाल्यावर यात्रिकाने मठातही जावे. ते दोन शिलालेख तेथेच आहेत.