भिंतीतला कॉक

शॉवर बंद करूनही ठिबकायचा थांबत नाही, तेव्हा प्लंबर टाइलवर बोटाने टकटक करून म्हणतो, ‘फोडावं लागेल.’ लगेच होकार देऊ नये. कन्सील्ड कॉकची रचनाच मुळी भिंत फोडावी लागू नये अशी असते. पितळेची बॉडी प्लास्टरमध्ये कायमची गाडलेली, आणि झिजणारा भाग तेवढा टाइलच्या बाजूने बाहेर काढता येणारा. तेव्हा कॉक बदलणं म्हणजे बहुधा त्याच्या पोटातला ऐवज बदलणं.

जुन्या कॉकात हा ऐवज म्हणजे स्पिंडल आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर. फिरवत गेलं की वायसर पितळी सीटवर दाबून बसतो. सीटलाच खड्डे पडले असतील, तर कितीही वायसर घाला, थेंब काही थांबत नाही. नव्या कॉकात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू, सरकलं की बंद. पाव फेऱ्यात काम. या चकत्या सहजी झिजत नाहीत. त्यांचा घात करतात ते बोअरच्या पाण्यातले क्षार आणि टाकीतली रेती.

गरम आणि गार पाणी एकाच दांड्याने मिसळणारा डायव्हर्टर याच कुळातला. त्याचा मूळपुरुष अमेरिकेतला. विद्यार्थी असताना, १९३७ मध्ये, आल्फ्रेड मोएन यांचा हात नळाच्या गरम पाण्याने पोळला आणि ते एकदांडी नळाच्या मागे लागले. तो बाजारात यायला मात्र १९४७ उजाडलं.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात आधी गीझर बंद. मग पाणी, आणि खरी कटकट तिथेच. जुन्या सोसायट्यांत गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह बंद केला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या बाथरूमचं पाणी जातं, त्यामुळे आधी ग्रुपवर निरोप टाकावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षं हात न लागलेला तो व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. ज्या बिल्डरने प्रत्येक बाथरूमला वेगळा कॉक दिला, त्याला दुवा द्यावा.

दांड्यावरचं लाल-निळं बटण ब्लेडने उचकटलं की आत ॲलन कीचा छोटा स्क्रू दिसतो. दांडा निघाला की बाहेरची कव्हर प्लेट. ती व्हाइट सिमेंटने टाइलला चिकटवली असेल तर कडेने ब्लेड फिरवावं. मागे कार्ट्रिजला, म्हणजे त्या चकत्यांच्या डबीला, दाबून धरणारा नट. क्षाराने जाम झालेल्या नटाशी पान्याने झटापट केली तर बॉडीचे आटे मरतात, आणि मग भिंत खरोखरच फोडावी लागते. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं काही वेळ गुंडाळून ठेवलं तर क्षार सैल पडतो.

निघालेलं कार्ट्रिज घेऊनच दुकानात जावं. ३५ मिलिमीटरचं की ४० चं, एवढ्यावर भागत नाही. जाणता दुकानदार जुनं-नवं दोन्ही पालथी करून बुडाकडे बघतो: गरम-गार पाण्याची भोकं, त्यांच्या रबरी रिंगा, बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या दोन खुंट्या. खुंटी जराशी इकडेतिकडे असली तरी कार्ट्रिज बसत नाही. कंपनीचं नाव माहीत नसेल तर ही शोधाशोध दुरुस्तीपेक्षा लांबते.

बॉडीच फुटली असेल तर मात्र इलाज नाही. तेव्हाही आधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते पाहावं. बेडरूमचं कपाट असेल तर तिकडून फोडलेलं बरं. प्लास्टर आणि रंगाने भागतं, जुन्या डिझाइनची टाइल शोधत हिंडावं लागत नाही. नवी बॉडी बसवताना मिस्त्री खोलीत चुकतो. फार आत गेली तर दांडा पोचत नाही, बाहेर राहिली तर प्लेट टाइलला टेकत नाही. म्हणून टाइलची जाडी आधीच हिशेबात धरायची, आणि भिंत बुजवण्याआधी लाइन दाबाखाली तपासायची.

कार्ट्रिज बदलूनही धार बारीकच राहिली तर दोष दुकानदाराला देऊ नये. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम एक बार. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर त्याच्या निम्माही मिळत नाही. तिथे परदेशी धाटणीचा भारी मिक्सर म्हणजे पैसे पाण्यात. पंप तरी बसवा, नाहीतर साधा कॉक बरा.

शेवटी व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि त्याआधी शॉवरची जाळी काढून ठेवायची. पहिल्या धारेबरोबर लाइनीतली सगळी घाण येते, ती बादलीत गेलेली बरी.