इंजिनिअरिंगनंतर एलएलबी?

आमच्या बिल्डिंगमधला मेकॅनिकलचा मुलगा विचारत होता, "काका, आता एलएलबी केलं तर डिग्री फुकट जाईल का?"

अरे, उत्तर हाकेच्या अंतरावर आहे! अँटॉप हिल पोस्टाजवळचं बौद्धिक संपदा भवन, म्हणजे मुंबईचं पेटंट ऑफिस.

तिथे इतरांचे पेटंट अर्ज चालवणारा तो पेटंट एजंट; त्याच्या परीक्षेला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची पदवी लागते. नुसत्या एलएलबीला प्रवेशच नाही. दोन पेपर, मग तोंडी.

पण वाद हायकोर्टात गेला की एजंट थांबतो, तिथे काळा कोटच हवा. व्हॉल्व्हचं ड्रॉइंग वाचून पेटंटच्या दाव्यातल्या "किमान दोन" अशा शब्दांवर भांडणारा वकील तसा दुर्मीळच.

शंका असतील तर विचारा. आधी पेटंट कायदा, १९७० चं कलम १२६ मात्र वाचून या.