मुळशीचा खेकडा

मुलांनो, पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका आहे. येथे पाऊस फार पडतो. पहिला जोराचा पाऊस झाला, की डोंगरातले ओढे वाहू लागतात. भातखाचरांत पाणी साचते. मग बिळांतून आणि दगडांखालून एक प्राणी बाहेर येतो. तो म्हणजे खेकडा. उर्दूत तुम्ही त्याला केकडा म्हणता.

युरोप व अमेरिकेतील नद्यांत क्रेफिश नावाचा लांब शेपटीचा प्राणी राहतो. आपल्या नद्यांत तो मुळात आढळत नाही. त्याचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे हा गोड्या पाण्यातील खेकडा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या खेकड्यांविषयी लिहिले होते. ते लेखन १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हाच आपल्याकडच्या एका खेकड्याला शास्त्रीय नाव मिळाले. त्या नावातील 'क्युनिक्युलॅरिस' या शब्दाचा अर्थ आहे बीळ खोदणारा. नाव अगदी योग्य आहे. हा खेकडा खाचरांच्या बांधांना बिळे पाडतो, त्यातून पाणी वाहून जाते आणि शेतकऱ्याची चिंता वाढते!

आता खेकड्याचे शरीर बाहेरून पाहू या. आपली हाडे शरीराच्या आत असतात. खेकड्याला हाडे नसतात. त्याचे कठीण कवच हाच त्याचा सांगाडा. खेकडा वाढतो, पण कवच वाढत नाही. म्हणून तो अधूनमधून कात टाकतो. जुने कवच मागच्या बाजूने उकलते आणि खेकडा त्यातून बाहेर येतो. नवे कवच आरंभी मऊ असते. ते कठीण होईपर्यंत तो बिळात लपून बसतो.

खेकड्याला दहा पाय असतात. पुढच्या दोन पायांना नांग्या असतात. नांग्यांनी तो अन्न पकडतो आणि शत्रूशी लढतो. उरलेल्या आठ पायांनी तो चालतो. या पायांचे सांधे मुख्यतः बाजूला वाकतात, म्हणून त्याची चाल तिरकी असते. पाय शत्रूच्या तावडीत सापडला, तर खेकडा तो पाय स्वतःच तोडून पळतो. पुढे कात टाकताना त्या जागी नवा पाय येऊ लागतो.

त्याचे डोळे लहान देठांवर बसवलेले असतात. धोका दिसला, की तो डोळे कवचाच्या खोबणीत दुमडून घेतो. डोळ्यांजवळ मिशांच्या दोन लहान जोड्या असतात. त्यांच्या साहाय्याने त्याला वास आणि स्पर्श समजतो.

आता कवचाच्या आत काय आहे ते पाहू. दात तोंडात असतात, हे तुम्हांला माहीत आहे. खेकड्याचे दात मात्र जठरात असतात! तोंडाजवळचे लहान अवयव अन्नाचे तुकडे करतात. पुढे जठरातील दात ते तुकडे जात्यासारखे दळतात.

कवचाखाली दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. नांग्यांच्या मुळाशी असलेल्या फटींतून पाणी आत येते, कल्ल्यांवरून वाहते आणि तोंडाजवळून बाहेर पडते. कल्ले पाण्यातील प्राणवायू घेतात. हा खेकडा जमिनीवरही बराच वेळ राहू शकतो, परंतु त्यासाठी कल्ले ओले राहावे लागतात. बाहेर आलेल्या खेकड्याच्या तोंडाशी फेस दिसतो, तो या पाण्याचाच. पाण्यात कीटकनाशके किंवा कारखान्याचे सांडपाणी मिसळले, तर ते विषही याच वाटेने कल्ल्यांपर्यंत पोहोचते.

पाठीच्या मध्यभागी, कवचाखाली, हृदय असते. आपल्या रक्तात लोह आहे, म्हणून ते लाल दिसते. खेकड्याच्या रक्तात तांबे असते. प्राणवायू मिळाला, की त्या रक्ताला फिकट निळी छटा येते.

खेकडा उलटा केला, तर पोटाखाली दुमडलेली एक पट्टी दिसते. हेच त्याचे उदर. क्रेफिशमध्ये हाच भाग लांब शेपटीसारखा असतो. नराची पट्टी अरुंद आणि त्रिकोणी असते. मादीची पट्टी रुंद आणि गोल असते. असे का, ते ठाऊक आहे का?

मादी आपली अंडी या पट्टीखाली सांभाळते. समुद्रातील खेकडी लाखो अंडी घालते. तिची पिले पाण्यात वाहत जातात आणि त्यांतील फारच थोडी जगतात. गोड्या पाण्यातील खेकडीची अंडी फार थोडी असतात, पण ती मोठी असतात. त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात. काही दिवस ते आईच्या पोटाखालीच राहतात. म्हणजे ही पट्टी त्यांचा पाळणाच होय.

पावसाळ्यात अनेक लोक रात्री दिवा घेऊन खेकडे पकडायला जातात. डोंगरातील कुटुंबांचे ते जुने अन्न आहे. पण पिले असलेली एक मादी टोपलीत गेली, तर तिच्याबरोबर सगळी पिलेही जातात. असे दरवर्षी होत राहिले, तर एक दिवस ओढा वाहील, पण त्यात खेकडा नसेल.

मित्रांनो, खेकडा हाती आला, तर त्याला मागच्या बाजूने कवचाच्या दोन्ही कडांना धरा, म्हणजे नांगी लागणार नाही. मग हळूच उलटा करून पट्टी पाहा. ती रुंद असेल आणि तिच्याखाली अंडी किंवा पिले दिसली, तर त्या आईला अलगद पाण्यात सोडून द्या. पुढच्या पावसाळ्यातील खेकडे तिच्याच पोटाखाली आहेत.