एक नाव, दोन वनस्पती

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. राज्याचा सुमारे ४४ टक्के भूभाग वनांखाली असल्याने राजधानी रायपूर वनौषधींच्या व्यापाराचे केंद्र बनावी, हे स्वाभाविकच होय. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे वसली आहेत. येथील बाजारात पाऊल ठेवताच मराठी ग्राहकाला प्रथम नावांचे कोडे पडते. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो आणि छत्तीसगढमध्ये चरोटा. हिरड्याला येथे हर्रा म्हणतात, धायटीला धवई, तर गुळवेलीला गिलोय. परंतु नावे अनेक असली तरी वनस्पती एकच असल्याने थोड्या सरावाने हे कोडे सुटते.

खरी अडचण येते ती एकाच नावाखाली दोन वनस्पती वावरू लागल्या म्हणजे. छत्तीसगढमध्ये भुईनीम म्हणतात ती कालमेघ, अर्थात अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. संस्कृत निघंटूंत मात्र भूनिंब हे किराततिक्ताचे, म्हणजेच हिमालयात उगवणाऱ्या स्वर्टिया चिरायिताचे पर्यायनाव आहे. मराठीने पहिलीला पालेकिराईत व दुसरीला काडेकिराईत म्हणून भेद राखला. तथापि बाजारात दोन्ही 'चिरायता' या नावाने विकल्या जातात. दोन्ही अत्यंत कडू आणि दोन्ही तापावर वापरल्या जाणाऱ्या! 'ब्राह्मी' हे नावही असेच बाकोपा मोन्निएरी व सेंटेला एशियाटिका अशा दोन वनस्पतींना लावले जाते.

बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार असले, तर रक्कम योग्य जागी पोहोचते ती खाते क्रमांकामुळे. वनस्पतीचा खाते क्रमांक म्हणजे तिचे द्विपदी शास्त्रीय नाव. स्वीडनच्या कार्ल लिनिअस यांनी १७५३ मध्ये ही पद्धत रूढ केली. ही नावे अगदीच परकी असतात असेही नाही. सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम या नावात मुंबईची बोरिवली दडलेली आहे.

या क्रमांकाचे मोल कोविडच्या साथीत प्रकर्षाने जाणवले. गुळवेल सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यकृताला अपायकारक ठरू शकते, याकडे लक्ष वेधले. २०२२ मध्ये अनेक रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासातही गुळवेलीशी संबंध जोडला गेल्याने वाद मिटला नाही. शास्त्रीय नाव छापल्याने औषध निर्धोक ठरत नाही, हे खरे. परंतु पोटात काय गेले हेच ठाऊक नसेल, तर डॉक्टरांनी शोध तरी कशाचा घ्यावा?

औषध नियम, १९४५ मधील नियम १६१ नुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वनस्पतिज घटकांची शास्त्रीय नावे व वापरलेला भाग नमूद करावा लागतो. भागाचे महत्त्वही नावाइतकेच आहे. अश्वगंधेच्या मुळांऐवजी पाने वापरू नयेत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती. पूरक आहार म्हणून विकली जाणारी उत्पादने मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांखाली येतात. त्यांतील यादीत प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरावयाचा भाग व दैनिक प्रमाण दिलेले आहे; शिवाय उत्पादन औषधी वापरासाठी नसल्याचा उल्लेख वेष्टनावर आवश्यक असतो.

छत्तीसगढ राज्य लघु वनोपज संघ कालमेघ, गिलोय, चरोटा आदी वनोपज संग्राहकांकडून आधारभूत किमतीने खरेदी करतो आणि 'छत्तीसगढ हर्बल्स' या नावाने उत्पादने बाजारात आणतो. बस्तरच्या रानात बोलीभाषेतील नावाने खुडलेले पान शहरातील घरी डबीतून पोहोचते, तेव्हा खुडणारा व घेणारा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. त्यांच्यामधील विश्वासाचा दुवा म्हणजे वेष्टनावरील दोन ओळी. त्या वाचण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी, रिकामी डबी काही काळ जपून ठेवावी आणि प्रकृतीची तक्रार उद्भवल्यास ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी.