आजार दोन, पिशवी एक



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या. खराबवाडीत भाड्याची खोली, ठेकेदाराकडे काम आणि शुगर आधीपासूनच. गोळ्या सुरू झाल्या तशी लघवी लालसर केशरी व्हायला लागली. त्यांना वाटलं, रक्तच जातंय. विचारायला जायचं तर खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी जाते. तीन आठवडे गोळी बंद होती. त्या बचतीचा हप्ता भरायला आल्या नाहीत, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

तो रंग रिफाम्पिसिन या औषधाचा असतो. त्याला घाबरायचं नाही. पण याच औषधामुळे दुसऱ्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. शुगरच्या काही गोळ्यांचा होतो आणि पाळणा लांबवायच्या गोळ्यांचाही होतो, हे फार जणींना माहीत नसतं. म्हणून टीबीचे उपचार चालू असताना शुगर पुन्हा तपासावी लागते आणि पाळणा लांबवायला दुसरं साधन डॉक्टरांना विचारावं लागतं. लाजून गप्प बसू नका. शुगर वाढलेली राहिली तर टीबी बरा व्हायलाही जड जातो. ताईंनी मात्र टीबीच्या डॉक्टरांना शुगरचा कागद कधी दाखवलाच नव्हता. दाखवायचा असतो हे त्यांना सांगणार कोण?

मग आम्ही एक कापडी पिशवी केली. दोन्ही आजारांचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार, पासबुक, सगळं त्यात. गटातली एकजण आणि आशाताई सोबत गेल्या. सुटलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू केल्या नाहीत, पुढचं डॉक्टरांनी ठरवलं.

पासबुक कशाला? टीबीची नोंद झाली की निक्षय क्रमांक मिळतो आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून खात्यात पैसे येतात. आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आपल्याकडे काम सुटलं की खोली बदलते. चाकणहून भोसरीला गेलं की महापालिकेची हद्द लागते, दवाखाना बदलतो. निघण्याआधी सांगितलं तर त्याच क्रमांकावर तिकडे गोळ्या चालू राहतात.

ताईंच्या खोलीत राहणाऱ्या दोघींची तपासणी अजून बाकी आहे. एकीची रात्रपाळी असते. सोमवारी सकाळी तिला उठवायला आम्हीच जाणार आहोत.