लेकरू भाजी खाईना? आधी परसात वाफा करा



सोयाबीनचा चक्रीभुंगा, तुरीवरचा मर, हळदीची कंदकूज यांवर आपण बांधावर बसून तासतासभर बोलतो. पण शिवारफेरी आटोपून ओसरीवर चहाला बसलं की घरातून हमखास वेगळीच तक्रार कानावर येते. "साहेब, लेकरू भाजीला तोंडच लावीना. नुसती भाकर अन् दूध, नाहीतर दुकानातला पुडा. काय करावं?" हे बायांचं काम, यात कृषी खात्याचा काय संबंध, असं म्हणून पान उलटू नका. संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या रानाशी आहे.

आधी माझ्याच घरचं सांगतो. आमची धाकटी दोन वर्षांची असताना तिचं वजन अंगणवाडीच्या तक्त्यावर तीन महिने जागचं हललं नाही. आम्ही घाबरलो. मी पदविका घेतलेला माणूस, गावोगाव पिकाचं पोषण सांगत फिरणारा. घरी मात्र तिला मांडीवर दाबून मेथीचा घास कोंबत होतो. ती ओकायची, तिची आई रडायची. शेवटी मेथीची जुडी नुसती दिसली तरी पोरगी पळून जाऊ लागली. अंगणवाडीताईंनी वजन करताना एकच वाक्य सांगितलं, "सर, तिला भाजीची नाही, तुमची भीती बसलीय."

ही काळजी वाउगी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होतं आणि पाच वर्षांखालील ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी होती. याला कारणं अनेक आहेत. डाळ, अंडी, दूध, स्वच्छ पाणी या सगळ्यांचाच त्यात वाटा आहे. पण ताटातली हिरवी-पिवळी भाजी हा आपल्या हातातला उपाय आहे.

लेकरू नाही का म्हणतं?

पहिलं कारण वाढीचं. जन्माच्या वेळचं वजन वर्षभरात साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. आपल्याला वाटतं, खाणं तुटलं.

दुसरं कारण भीतीचं. दोन वर्षांच्या पुढे मूल अनोळखी पदार्थाला बिचकतं. लेकरू चालायला लागून दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयात ही भीती त्याला राखतेच. त्यात पालेभाजी थोडी कडवट, आणि कडू चव लहान जिभेला जास्त जाणवते.

यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८० च्या दशकात मुलांवर प्रयोग केले. निष्कर्ष साधा निघाला. जो पदार्थ मुलाने जास्त वेळा चाखला, तोच त्याला जास्त आवडू लागला. नवी चव पटायला कधी आठ-दहा, तर कधी पंधरा वेळा चाखवावं लागतं. आपण दोन-तीनदा देतो आणि "ह्याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. पेरल्याच्या तिसऱ्या दिवशी उगवलं नाही म्हणून रान मोडणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

खरी अडचण रानात

आता मुद्द्याचं बोलू. पंधरा वेळा चाखवायचं, तर भाजी घरात रोज पाहिजे ना? आपल्या आज्या खुरपायला गेल्या की ओटीत तांदुळजा, पाथरी, घोळ घेऊन यायच्या. करडईच्या कोवळ्या पाल्याची, हरभऱ्याच्या शेंड्यांची भाजी फुकट होती. आज सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की ही रानभाजीही तणाबरोबर जाते. मग भाजी येते आठवडी बाजारातून. ती दोन-तीन दिवस पुरते, पुढे वरण नाहीतर पिठलं. म्हणजे लेकराला मेथी भेटते पंधरवड्यातून एकदा, आणि प्रत्येक वेळी ती त्याला नवीच असते!

म्हणून सांगतो, अर्धा गुंठा परस भाजीला द्या. न्हाणीचं पाणी जातं तिथेच वाफे करा.

१. मेथी, पालक, माठ एकदम सगळे पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरा. महिन्याभरात पहिली कापणी येते आणि मग भाजी तुटत नाही.

२. कुंपणाला दोडका आणि लाल भोपळा चढवा. भोपळा गोडसर असल्याने लेकराला ओळख करून द्यायला सगळ्यात सोपा.

३. एका कोपऱ्यात शेवगा लावा. शेंगेइतकाच पालाही कामाचा.

४. चार ओळी भेंडीच्या असू द्या. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही जात केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजली गेली.

५. या वाफ्यांवर शेतातलं विषारी औषध मारू नका. मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून फवारा. औषधाचा रिकामा डबा परसात पाणी घालायलाही वापरू नका. फवारलेल्या रानातली पालेभाजी घरी आणू नका.

ताटात कसं द्यायचं?

भाजी हाताशी आली, आता युक्तीचं काम.

• ओळखीच्या घासाशेजारी बोटाच्या पेराएवढीच भाजी ठेवा. खाल्ली तर ठीक, नाही तर काही बोलू नका. काय वाढायचं आणि केव्हा, हे आईबापाने ठरवावं. किती खायचं हे लेकराने.

• भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर वेळी खूण करा. पंधरा खुणा होईपर्यंत "आवडत नाही" हा शब्द घरात नको.

• भूक असताना भाजी पुढे करा. जेवणाआधी तास-दीड तास चहा-बिस्किट, पुडा बंद. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पाजलं तर भूक मरते.

• भाजी फोडणीला घातली की लाल तिखट घालण्याआधी लेकराचा वाटा वेगळा काढा. त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट आणि चमचाभर तेल घाला, कडवटपणा झाकला जातो. वरून लिंबू पिळा. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणासोबत चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

• मेथीचे मुटके, पालकाचे धपाटे, वरणात भोपळा, हे सगळं चालतं. पण भाजी नुसती लपवू नका, कधी कधी उघडी दिसू द्या. नाहीतर ओळख होणार कशी?

• "भाजी खाल्ली तर चॉकलेट देतो" असा सौदा करू नका. लेकराला त्यातून एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे.

• अख्खे शेंगदाणे, कच्च्या गाजराचे तुकडे लहान लेकराच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. गाजर शिजवून द्या.

बापमंडळींना खास विनंती. तुम्ही ताटातली दोडक्याची भाजी बाजूला सारून ठेचा मागता, ते समोरचं लेकरू बघत असतं. त्याला शेजारी बसवा, एकाच ताटात जेवा. सकाळी त्याच्या हातात तांब्या देऊन वाफ्याला पाणी घालू द्या. स्वतः तोडलेल्या भेंडीला ते सहसा नाही म्हणत नाही.

घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी सून असेल तर तिलाही सर्व भाज्या खाऊ द्या. आई जे खाते त्याची चव बाळापर्यंत पोहोचते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाजराचा रस घेतलेल्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचं खाणं सहज स्वीकारलं.

एक सावधगिरी. वजन सलग दोन-तीन महिने वाढत नसेल, लेकरू पांढुरकं दिसत असेल, माती खात असेल, घास गिळताना ठसकत असेल तर वाफ्याच्या भरवशावर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

गावाने काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना आठवण करून देतो, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. अंगणवाडीला तारेचं कुंपण, पाण्याची तोटी आणि बियाण्याच्या पुड्या एवढं त्यातून झालं तरी तीस-चाळीस लेकरांची परसबाग उभी राहते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नातू आजारी पडल्यावर गावठी बियाणं जपायला सुरुवात केली आणि घराघरात परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईने हे केलं, आपल्याला काय अवघड आहे? आपल्या जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातलं तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे सल्ला मागा.

आमच्या धाकटीचं विचाराल, तर आम्ही कोंबणं थांबवलं, वाफा केला, रोज पेरभर मेथी ताटात ठेवत गेलो. दोन आठवडे तिने बघितलंही नाही. मग एके दिवशी माझ्या ताटातला मुटका उचलून खाल्ला. वजनही हळूहळू सरकलं. कारल्याला ती अजून हात लावत नाही. आम्हीही तगादा लावत नाही, वेल मात्र कुंपणावर ठेवला आहे.

तेव्हा पुढच्या बाजारात पालेभाजीच्या जुडीबरोबर मेथीच्या बियाण्याची एक पुडीही घेऊन या. वाफा तयार झाला की शिवारफेरीत आम्हाला जरूर दाखवा.