झुबिन मेहता यांची ध्वनिमुद्रणे

झुबिन मेहता (जन्म : २९ एप्रिल १९३६, मुंबई) हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील भारतीय वाद्यवृंदसंचालक आहेत. मोठा वाद्यवृंद व गायकवृंद एकत्र आणणाऱ्या रचनांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांना विशेष मान्यता मिळाली.

पार्श्वभूमी

त्यांचे वडील, व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले. नामवंत संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना पाहता येत नसत. त्यामुळे मेहता व त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ आबादो तेथील गायकवृंदात खर्जाच्या गायकांमध्ये दाखल झाले. ब्रुनो वॉल्टर आणि हर्बर्ट फॉन कारायान यांचे काम त्यांनी असे गाणाऱ्यांच्या रांगेतून पाहिले.

प्रमुख ध्वनिमुद्रणे

व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह डेक्का कंपनीसाठी त्यांनी १९६५ मध्ये ब्रुकनरची नववी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. त्याच वाद्यवृंदासह १९७५ मध्ये केलेली मालरची दुसरी सिंफनी ही त्यांची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका मानली जाते. इलियाना कोत्रुबाश व क्रिस्टा लुडविग या तिच्या एकल गायिका आहेत. सुमारे ८० मिनिटांच्या या रचनेत गायकवृंद अखेरच्या भागातच येतो, तोही जवळजवळ कुजबुजल्यासारखा. वाद्यांच्या प्रचंड गर्जनेनंतरचा हा प्रवेश ऐकू तर यावा, पण नाजूकपणा हरवू नये, ही संचालकाची खरी कसोटी होय.

लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे ते १९६२ ते १९७८ या काळात संगीत संचालक होते. तेथे ध्वनिमुद्रित झालेली होल्स्टची ‘द प्लॅनेट्स’ (१९७१) ध्वनीच्या भव्यतेमुळे गाजली. तिच्या शेवटच्या भागात पडद्याआडचा स्त्रियांचा शब्दविरहित स्वर हळूहळू विरत जातो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह केलेल्या ध्वनिमुद्रणांत व्हेर्दीचे ‘रेक्विएम’, बेथोव्हेनची नववी सिंफनी आणि शोएनबर्गचे ‘गुरेलीडर’ यांचा समावेश होतो. तुलनेने हायडन व मोझार्ट यांच्या सिंफनींची त्यांची ध्वनिमुद्रणे कमी चर्चिली गेली. लोकप्रियतेत मात्र १९९० मध्ये रोम येथे झालेल्या तीन टेनर गायकांच्या मैफिलीची ध्वनिमुद्रिका या सर्वांच्या पुढे आहे.

सारायेव्हो, १९९४

बोस्नियातील युद्धात १९९२ च्या तोफमाऱ्याने सारायेव्होचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. शहराचा वेढा चालू असतानाच जून १९९४ मध्ये, त्याच भग्न वास्तूत, मेहता यांनी स्थानिक वादक व गायकवृंदासह मोझार्टचे ‘रेक्विएम’ सादर केले. होसे कारेरास हे एकल गायकांपैकी एक होते. या कार्यक्रमाचे चित्रमुद्रण उपलब्ध आहे.